शिट्टी कामून वाजली? महिला हॉकी लीग पहिल्यांदाच बघणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरींसाठी आणि पालकांसाठी

२६ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी दहा-बारा पोरी माझ्या घरी सतरंजीवर येऊन बसल्या. रांचीत महिला हॉकी इंडिया लीगच्या पहिल्यावहिल्या हंगामाचा अंतिम सामना होता, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. पोरींना फारसं काही कळत नव्हतं. माझ्या शेजारच्या काकू शेंगा सोलत मागे बसल्या होत्या आणि दर मिनिटाला विचारत होत्या, ‘आता शिट्टी कामून वाजली?’

विसाव्या मिनिटाला ओडिशाचा गोल झाला आणि समालोचकानं नाव घेतलं: ऋतुजा दादासो पिसळ. सहावीतली एक पोरगी ताडकन उठली. ‘मॅडम, दादासो? म्हंजे ही आपल्याकडचीच की!’ सातारा जिल्ह्यातली ही मुलगी. सूरमानं बरोबरी साधली, सामना रेंगाळला, आणि ५६व्या मिनिटाला पुन्हा तिनंच गोल मारला. २-१. पहिल्या महिला लीगचा चषक मराठी पोरीच्या दोन गोलांवर ठरला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर बाभळीच्या फोकाच्या सहा ‘हॉकी’ हजर होत्या.

येणारा हंगाम तुम्ही पहिल्यांदा बघणार असाल, किंवा घरातल्या पोरीला दाखवणार असाल, तर त्यासाठी हे टिपण. माझ्या तालुक्याच्या गावात टर्फ, म्हणजे हॉकीचं कृत्रिम गवताचं मैदान, नाही, हॉकीचा प्रशिक्षक नाही. लीगचे दोन आठवडे हाच आमचा वर्षातला सगळ्यात स्वस्त कोचिंग क्लास. म्हणून मी तो क्लाससारखाच बघायला सांगते. वही घेऊन, आणि जमलं तर हातात दांडकं घेऊन.

आधी वीज, मग चॅनल

पहिला हंगाम जानेवारी २०२५मध्ये झाला, दुसरा २८ डिसेंबर २०२५ला सुरू झाला. दोन्ही रांचीत. म्हणजे आपल्याकडे हुरड्याचे दिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि तुरीची रास घरात आलेली किंवा येऊ घातलेली. वेळापत्रक जाहीर झालं की पहिलं काम हे करा: ते हातानं एका कागदावर उतरवून घ्या आणि देवघराजवळच्या कालनिर्णयाशेजारी टाचून ठेवा. मोबाईलमध्ये ठेवलेलं वेळापत्रक मोबाईल बापाच्या खिशात गेला की संपतं.

सामने संध्याकाळनंतर असतात. गावठाण फीडरवर असाल तर बहुतेक निभावतं. आखाड्यावर राहणाऱ्यांनी थ्री फेज कोणत्या पाळीला आहे ते बघून त्या दिवशी गावात नातेवाइकांकडे यावं. आमच्या एका पोरीनं ऐन वेळेला घरची मोटर चालू करायची म्हणून सामना सोडला. तिचं म्हणणं, गव्हाला पाणी आधी. बरोबरच होतं तिचं.

पहिल्या हंगामाचे सामने डीडी स्पोर्ट्स, सोनी स्पोर्ट्स आणि प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर दिसले. डीडी फ्री डिश असेल तर महिन्याचं रिचार्ज लागत नाही, हे आमच्या भागात फार मोलाचं. हंगामाच्या आदल्या आठवड्यात एकदा चॅनल लावून बघा. सामन्याच्या दिवशी पहिली दहा मिनिटं रिमोटशी झटापट करण्यात घालवू नका, मी घालवली आहेत.

संघ निवडा, तटस्थ राहू नका

नवख्या माणसानं तटस्थ राहून हॉकी बघितली की त्याला झोप येते. कोणत्या तरी बाजूनं जीव अडकला पाहिजे.

लीगची मांडणी छोटी आहे, त्यामुळे हे सोपं. पहिल्या हंगामात चार संघ होते: ओडिशा वॉरियर्स, सूरमा, दिल्ली एसजी पायपर्स आणि बंगाल टायगर्स. दुसऱ्या हंगामात ओडिशाच्या जागी रांची रॉयल्स आला. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो, असे १२ साखळी सामने, आणि वरच्या दोघांत अंतिम. पहिल्या हंगामात सरळ जिंकलं तर तीन गुण, बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये (ते काय ते पुढे सांगते) जिंकलं तर दोन आणि त्यात हरलेल्यालाही एक. म्हणून शेवटच्या मिनिटाला पिछाडीवरचा संघ गोलकीपरला बाहेर काढून अकरावी खेळाडू पुढे लावताना दिसला तर चक्रावू नका. बरोबरी झाली तरी पदरात निदान एक गुण पडतो.

महाराष्ट्राचा संघ यात नाही, हे खरं. मग संघ कसा निवडायचा? मी पोरींना सांगते, एक खेळाडू धरा आणि तिच्या संघामागे जा. सलीमा टेटे घ्या. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली, लहानपणी बांबूच्या दांडक्यानं खेळलेली. तिकडं गावोगावच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून बोकड लावतात, त्याला खस्सी टूर्नामेंट म्हणतात. आपल्याकडं कुस्तीच्या फडात नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत कुस्त्या लागतात, तसंच ते. किंवा वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे या फलटण भागातल्या मुली घ्या. दोघी भारताकडून खेळल्या आहेत. शेतकऱ्याच्या घरातून भारताच्या संघापर्यंतची वाट फलटणहून निघते, तर ती जिंतूर-सेलूहूनही निघू शकते, एवढं पोरीला दिसलं तरी पुरे.

खेळाडूंचे संघ लिलावात ठरतात, तेव्हा हंगामापूर्वी संघांच्या याद्या एकदा डोळ्याखालून घाला. पहिल्या लिलावात, ऑक्टोबर २०२४मध्ये, उदिता दुहानला बंगालच्या संघानं ३२ लाखांना घेतलं, ती सगळ्यात महागडी ठरली. मुलींच्या संघाला खर्चायला दोन कोटी, पुरुषांच्या संघाला चार कोटी. अर्धे. हा आकडा पोरींपासून लपवू नका, त्या विचारतातच.

शिट्टी कामून वाजली?

काकूंचा प्रश्न हाच नवख्या प्रेक्षकाचा खरा अडसर. क्रिकेट आपण पोटातून शिकून येतो. हॉकीत अंपायर सारखी शिट्टी मारतात, खेळ थांबल्यासारखा वाटतो आणि लगेच सुरूही होतो. कळेनासं झालं की माणूस चॅनल बदलतो. म्हणून चार-पाच शिट्ट्या आधी ओळखायला शिका.

पुष्कळदा कारण एकच: पाय. चेंडू पायाला लागला आणि त्याचा फायदा झाला, की फाऊल. गोलकीपर सोडली तर कोणालाही पाय वापरता येत नाही. काकूंना हे समजल्यावर त्या अंपायरच्या आधी ‘पाय लागला, पाय लागला’ ओरडायला लागल्या.

दुसरं कारण स्टिकची पाठ. हॉकीच्या स्टिकला एक बाजू सपाट, एक गोल. चेंडू सपाट बाजूनंच खेळायचा. उलट्या हातानं खेळायचं तर स्टिक मनगटात फिरवून सपाट बाजू आणायची. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, हे ऐकून आमच्या दोन डावखुऱ्या पोरी खट्टू झाल्या होत्या. पण वरच्या टोकाला डावा हातच असतो आणि स्टिक फिरवण्याचं खरं काम तोच करतो, तेव्हा त्यांचं काही बिघडत नाही.

तिसरं, अंग मध्ये घालणं. चेंडू आणि समोरची यांच्यामध्ये स्वतःची पाठ घालून चेंडू झाकला, की शिट्टी. कबड्डी-खोखोवाल्या पोरींना हे पटायला वेळ लागतो. चौथं, धोकादायक चेंडू. पाच मीटरच्या आतल्या खेळाडूच्या अंगावर उडवलेला चेंडू चालत नाही. हा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या क्रिकेटच्या चेंडूइतकाच, आणि तेवढाच कडक. मग नियम का आहे ते सांगावं लागत नाही.

ऑफसाईड मात्र नाही. फुटबॉल बघणाऱ्या भावाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दर हल्ल्याला हात वर करतो. आणि खेळाडू बदलायला खेळ थांबत नाही, मैदानाबाहेर सारखी ये-जा चालू असते. ‘ती कुठं गेली?’ हा काकूंचा दुसरा लाडका प्रश्न, त्याचं उत्तर ‘पाणी प्यायला, येईल परत’ एवढंच.

कार्डं तीन. हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, लाल म्हणजे घरी. हॉकीत दोन मिनिटंही फार असतात. सामना चार तुकड्यांत, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे खेळ फक्त साठ मिनिटांचा. भाकरी थापायच्या आधी लावला तर जेवायच्या वेळेपर्यंत निकाल.

डीच्या आत सगळं बदलतं

गोलसमोरची ती अर्धगोल रेघ. तिला सर्कल म्हणतात, बोलताना सगळे डी म्हणतात. गोलच्या खांबांपासून १४.६३ मीटरवर ती आखलेली असते. गोल व्हायचा तर हल्ला करणाऱ्या खेळाडूची स्टिक चेंडूला डीच्या आत लागली पाहिजे. बाहेरून मारलेला चेंडू कुणालाही न लागता जाळ्यात गेला तर गोल नाही. माझ्या घरी पहिल्यांदा असं झालं तेव्हा पोरींनी टाळ्या पिटल्या, नाचल्या, आणि मग पडद्यावर आकडा बदललाच नाही.

डीत बचाव करणारीकडून फाऊल झाला की बहुधा पेनल्टी कॉर्नर. जुनी माणसं शॉर्ट कॉर्नर म्हणतात. नवख्यांनी सगळं सोडून हा एकच प्रकार नीट समजून घेतला तरी सामन्याची निम्मी मजा हाती लागते. म्हणून जरा सावकाश सांगते.

चेंडू गोलच्या बाजूच्या मागच्या रेषेवर, खांबापासून दहा मीटरवर ठेवतात. हल्ला करणाऱ्या संघातली एक तिथून चेंडू ढकलते. बाकीच्या डीबाहेर उभ्या. बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जणी, त्याच रेषेमागे. उरलेल्या सहा जणी मध्यरेषेपलीकडे. चेंडू सुटला की पाच जणी धावत बाहेर येतात. ढकललेला चेंडू आधी डीबाहेर जायला हवा, तिथं एक जण तो थांबवते, आणि दुसरी मारते. सरळ हिट असेल तर पहिला फटका गोलफळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटीमीटरपेक्षा वर जाऊन चालत नाही. पण ड्रॅग-फ्लिक केली, म्हणजे चेंडू स्टिकला चिकटवून ओढत आणून भिरकावला, तर हे बंधन नाही. म्हणून ज्या संघाकडे चांगली ड्रॅग-फ्लिकर तो संघ अर्धा सामना आधीच खिशात घेऊन येतो. नेदरलँड्सची यिब्बी यान्सेन पहिल्या हंगामात ओडिशाकडे होती, २९ लाखांना घेतलेली. ती काय करते ते बघून ठेवा: फटका मारताना ती पाठीतून किती खाली जाते, शेवटचं पाऊल किती लांब पडतं.

हे सगळं चार-पाच सेकंदांत उरकतं. पहिल्यांदा बघताना काहीच दिसत नाही. माझी युक्ती अशी: पहिल्या कॉर्नरला फक्त ढकलणारीकडे बघा. दुसऱ्याला फक्त थांबवणारीकडे. तिसऱ्याला बचावातली जी सगळ्यात आधी धावत सुटते, जी फटक्याच्या थेट वाटेत जाते, तिच्याकडे. तिनं तोंडावर जाळीचा मास्क घातलेला असतो. आमच्या पोरींना मारणारीपेक्षा तीच जास्त आवडली.

गोल नक्कीच झाला असता असा फाऊल डीत झाला, किंवा जाणूनबुजून केला, तर पेनल्टी स्ट्रोक: ६.४ मीटरवरून एकटी विरुद्ध गोलकीपर. शूटआऊट वेगळं. त्यात खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते आणि आठ सेकंदांत गोल करायचा असतो. आठ सेकंद मोठ्यानं मोजा, सगळ्या घरानं मिळून. पोरांना हा सामन्यापेक्षा मोठा खेळ वाटतो.

चेंडू सोडून बघायला शिका

कॅमेरा चेंडूमागे धावतो, आपले डोळेही. पण मैदान ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. चेंडू एका वेळी एकीकडेच असतो, उरलेल्या दहा जणी काय करतात त्यावर खेळ ठरतो.

मी पोरींना वही देते आणि प्रत्येकीला एक जागा वाटून देते. तू डावी हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडं खेळणारी, बघ, तू गोलकीपर. पंधरा मिनिटांत तुझ्या खेळाडूला किती वेळा चेंडू आला, त्यातला किती वेळा तिनं पुढं दिला, किती वेळा मागं, किती वेळा हातातून गेला. चार खाने, उभ्या रेघा. पहिल्या दिवशी पोरी कंटाळतात. तिसऱ्या सामन्याला एक जण म्हणाली, ‘मॅडम, ही चेंडू यायच्या आधीच मागं वळून बघती.’ एवढं जिला दिसलं तिला मी हॉकी वेगळी शिकवायची गरज पडत नाही.

आवाज बंद करून एक तुकडा बघा. समालोचन हिंदी-इंग्रजीत असतं आणि पोरी ते समजून घेण्यात गुंततात. आवाज गेला की नजर लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर

रात्री बघितलं आणि सकाळी हातात काही घेतलं नाही, तर चार दिवसांत उडून जातं. स्टिक नसली तरी चालेल.

टीव्हीवरचं टर्फ निळं, पाणी मारलेलं, चेंडू त्यावर काचेवरून घसरावा तसा जातो. आपलं मैदान काळ्या मातीचं असेल तर उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेतं. त्यापेक्षा मुरमाचं बरं. पण मुरमावर चेंडू उड्या मारतो, म्हणून सुरुवातीला टीव्हीवरची रिव्हर्स हिट (उलट्या बाजूनं मारलेला फटका), उंच स्कूप (उचलून उडवलेला चेंडू) यांच्या नादी लागू नका. फक्त दोन गोष्टी: थांबवणं आणि ढकलणं. मैदानाचा एक पट्टा, दहा बाय पाच मीटर पुरे, दगड वेचून झाडून घ्या, संध्याकाळी पाणी शिंपडा. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर चेंडू ढकला, परत येताना थांबवा. शंभर वेळा. टेनिसचा चेंडू चालतो, उलट उड्या मारतो म्हणून हात लवकर मऊ होतो.

पकड अशी: डावा हात वरच्या टोकाला घट्ट, उजवा मध्यावर सैल. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेताना डावा हात स्टिक फिरवतो आणि ती उजव्या हाताच्या मुठीत नुसती फिरते. दारातला कुलूपकिल्लीचा हात आठवा. मोठ्या पोरी उजव्या हातानं जोर लावतात आणि स्टिक फिरतच नाही. विटी-दांडू खेळलेल्यांची नजर चांगली असते पण सवय वाईट: दांडू डोक्यावरून आणतात. शेजारी कुणी उभं असताना असा हात फिरला तर दात जातील. पहिल्या महिन्यात स्टिक गुडघ्याच्या वर न्यायचीच नाही, हा माझा नियम.

खरी स्टिक घ्यायची वेळ आली की साधी लाकडी घ्या. उभी धरली की टोक पोरीच्या कमरेच्या हाडापर्यंत यावं. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतात, पण लांब स्टिकनं पोरगी वाकायला शिकत नाही, आणि हॉकीत वाकता आलं नाही तर काही येत नाही. स्टिकच्या आधी नडगीला बांधायचे शिनगार्ड घ्या, आणि कडक चेंडू हातात आला की दातांचं गार्ड. कपड्यांवरून घरात कुरकुर असेल तर सरावाला ट्रॅकपँट चालते, तो वाद पहिल्याच आठवड्यात उकरून काढू नका.

कागदपत्रं आणि पुढची वाट

हा भाग रूक्ष आहे, पण पोरी इथंच गळतात.

शालेय हॉकीची मोठी स्पर्धा म्हणजे नेहरू चषक. मुलींसाठी तो १७ वर्षांखालचा गट असतो. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. क्रीडा खात्याच्या हिशेबानं आपल्याकडे संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग आहेत. प्रवेशिका शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे जाते, आणि ते पावसाळ्यातच उरकतं. पालकांनो, जूनमध्ये शाळा उघडली की पीटीच्या सरांना किंवा मॅडमना स्वतः जाऊन विचारा. एका वर्षी तारखेचं पत्र माझ्याच टेबलाच्या खणात पडून राहिलं आणि आमचा संघ घरी बसला. पोरींनी मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

कागद कोणते? जन्म दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड. तिन्हींवर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं हवं. एकीकडे बापाचं नाव ‘ज्ञानोबा’, दुसरीकडे ‘ज्ञानेश्वर’, असं आपल्याकडे घरोघरी आहे. ते दुरुस्त करायला महिने जातात, तेव्हा पोरगी पाचवीत असतानाच करून टाका. जन्माची नोंद उशिरा केलेली असेल तर वयाच्या पडताळणीत प्रश्न विचारतात, तेही ध्यानात ठेवा.

पोरगी चमकली तर दोन दारं ठोठावायची. एक, राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. तिथं निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं सरकारकडून. हॉकीसाठी पुण्याच्या बालेवाडीकडे बघायचं. दुसरं, साईची, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं. संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात साईचं केंद्र आहे, निवड चाचण्यांची चौकशी तिथं जाऊन करा. फोनवर अर्धवट ऐकून परत फिरू नका. पुढे हॉकी महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा. महाराष्ट्राच्या मुली तिथं कच्च्या नाहीत: मार्च २०२४मध्ये पिंपरी-चिंचवडला झालेल्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेत त्या अंतिम फेरीत होत्या, हरियानाकडून हरल्या. अशा स्पर्धांतून नाव झालं की लीगच्या लिलावाची यादी. त्यात सगळ्यात खालची बोली दोन लाखांपासून सुरू होते.

लीग नाहीच गाठली तरी? खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मला स्वतःला हे कारण पुढं करायला फारसं आवडत नाही, पण बापाला पटवायला याहून चांगलं औषध नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर

लीगच्या आधी किंवा लीगच्या सुमारासच नांदेडला जा. तिथं श्री गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही अखिल भारतीय हॉकी स्पर्धा खालसा हायस्कूलच्या मैदानावर भरते, साधारण हिवाळ्यात. स्पर्धा पुरुषांची, पण चेंडूचा आवाज, खेळाडूंचा श्वास, ‘मॅन ऑन’चं (म्हणजे ‘मागून कुणी येतोय’चं) ओरडणं, हे टीव्हीवर येत नाही. हजूर साहिबचं दर्शन, लंगरचं जेवण आणि दुपारी हॉकी. परभणी, हिंगोली, लातूरकडून एका दिवसात होतं. खर्च एसटीचा किंवा पॅसेंजरचा.

रांचीला जायचं मनात असेल तर गट करून जा. हटियापर्यंत रेल्वेनं जाता येतं, हटिया म्हणजे रांचीला लागूनच. पुण्याहून सुटणारी हटिया एक्स्प्रेस मनमाडवरून जाते, ती संभाजीनगर-जालन्याकडच्यांना सोयीची. स्टेडियमचं नाव मरांग गोमके जयपाल सिंग मुंडा स्टेडियम. जयपाल सिंग म्हणजे १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार, आणि ‘मरांग गोमके’ म्हणजे मोठे नेते, तिकडच्या आदिवासींनी दिलेलं नाव. जानेवारी २०२४मध्ये याच मैदानावर आपल्या मुली जपानकडून हरल्या आणि त्यांचं पॅरिस ऑलिंपिक हुकलं. पोरींना हे मैदानाच्या दारातच सांगा, आत गेल्यावर त्या ऐकत नाहीत.

रांचीची थंडी परभणीच्या थंडीसारखी पहाटेपुरती नसते, रात्रीचा सामना म्हणजे दोन स्वेटर आणि कानटोपी. गाडीतला प्रवास लांब आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घ्या. भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, दशमी होत नाही.